पुढं आई, मागं साखर

राजारामपुरीत माझे फिजिक्सचे क्लासेस आहेत. टॉर्क हा धडा मी इतक्या वेळा शिकवलाय की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. दाराची मूठ बिजागरीपासून लांब का असते, पान्याचा दांडा लांब का घ्यायचा, आधारापासून वजन जितकं दूर तितका त्याचा जोर जास्त कसा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं ते अज्ञानातून झालं असं कुणी म्हणायला नको. ते सगळं ज्ञान डोक्यात असताना झालं.

माझ्याकडं एक कॅराव्हॅन आहे. मोटारीच्या मागं जोडून ओढत न्यायची चाकांवरची छोटी खोली. आत एक पलंग, एक ओटा आणि एक संडास. पुण्याच्या एका मित्राला ती हौस होती. ती फिटली आणि खोली माझ्याकडं आली. गल्लीत तिला कॅराव्हॅन कुणी म्हणत नाही. ज्या जिल्ह्यात मागं ओढायची प्रत्येक वस्तू उसाची ट्रॉली असते, तिथं तीही ट्रॉलीच झाली. 'सरांची ट्रॉली' म्हणजे आमच्या घराची नवी खूण.

ती मी माझ्यासाठी घेतली नाही. आईसाठी घेतली, आणि तीही त्यातल्या संडासासाठी. हे सरळ सांगायला मला आजही अवघड जातं. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून तिला खाली बसता येत नाही, आणि लघवीला लागली की थांबवत नाही. रस्त्यावरच्या हॉटेलांचे संडास तुम्ही पाहिलेच असतील. चार पायऱ्या, निसरडी फरशी, आत उकिडवं बसायचं. एका लग्नाच्या प्रवासात काय झालं ते तिनं फक्त माझ्या बायकोला सांगितलं. त्यानंतर आई कोल्हापूरच्या बाहेर गेली नाही. विचारलं की म्हणायची, "गुडघं लई दुखत्यात." मी तिला गुडघ्याचे व्यायाम दाखवत होतो. बायकोनं मला खरं कारण सांगितलं तेव्हा ती माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती, तशी मी 'ढ' पोरांकडंसुद्धा बघत नाही.

आईची एकच बहीण आहे, मोठी. मलकापूरला. आई तिला अक्का म्हणते. दोघींची तीन-चार वर्षांत गाठ नव्हती. फोनवर बोलायच्या, पण त्या बोलण्यात एक आढी पडली होती. आई जाऊ शकत नव्हती, ते ठीक. पण मावशीही येत नव्हती. आईनं ते मनाला लावून घेतलं होतं. "तिला काय झालंय यायला? पोराकडं गाडी हाय. मीच धाकटी, मीच जायचं व्हय?" असं फोन ठेवल्यावर रोज व्हायचं. आणि आता मावशीचा मुलगा तिला कायमची बंगळूरला घेऊन चालला होता. तिथं त्याची नोकरी, तिथंच घर. ती गेली की या दोघींची भेट परत होईल याची खात्री कुणीच देत नव्हतं. आईला तिला जाण्याआधी गाठायचं होतं. भेटायचं होतं की भांडायचं होतं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तर, मी तयारीला लागलो. मी तयारीला लागलो की घरातली माणसं कामं काढून बाहेर जातात. मोटारीच्या चासीला पक्का बसवलेला हूक, त्यावर लोखंडी बॉल, आणि ट्रॉलीच्या नाकाला असलेली वाटी, जी त्या बॉलवर बसते आणि खटका लागून पक्की होते. पहिला बॉल मी आणला तो वाटीत किंचित सैल बसत होता. दुकानदार म्हणाला, "चालतंय की, पावणं. कोण बघतंय?" मी त्याला सैल बॉल खड्ड्यात कसा उसळतो यावर उभ्या उभ्या एक व्याख्यान दिलं. मागं गिऱ्हाइकांची रांग लागली. त्यानं बॉल बदलून दिला, मला घालवायला म्हणून.

मग दोन साखळ्या. त्या हुकाखालून एकमेकींना फुली मारून लावायच्या, म्हणजे वाटी निसटलीच तर नाक रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडतं. मग एक बारीक वायर, ट्रॉली सुटली तर तिचा स्वतःचा ब्रेक ओढणारी. मग दिव्यांचा प्लग. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नाकावरचं वजन. ट्रॉलीच्या एकूण वजनाचा साधारण दहावा भाग तिच्या नाकावर यायला हवा. कमी आला, म्हणजे मागं भार जास्त झाला, तर ट्रॉली वेगात शेपूट हलवायला लागते, आणि मग शेपूट कुत्र्याला हलवतं.

हे वजन मी बायकोच्या वजनकाट्यावर केलं. काटा जमिनीवर, त्यावर लाकडी ठोकळा, ठोकळ्यावर ट्रॉलीचं नाक. त्या काट्यानं मला आयुष्यात पहिल्यांदा मनासारखा आकडा दाखवला. शेजारच्या गच्चीवरून विचारणा झाली, "सर, ट्रॉलीचं डाएट चालू हाय काय?" मी लक्ष दिलं नाही. निघायच्या दिवशी सकाळी उठून पुन्हा एकदा वजन केलं. बरोबर. बायकोची बँकेत महत्त्वाची कामं होती, ती येणार नव्हती. तिनं जाता जाता बॉलला हळदकुंकू लावलं. मी त्याला आधीच ग्रीस लावलं होतं. त्या दोघांचा जो काही लगदा झाला, तो कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही.

आईची वेगळीच तक्रार होती. चालत्या ट्रॉलीत बसायचं नाही, ती मोटारीत माझ्याशेजारी बसणार आणि लागेल तिथं मी थांबणार, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती पलंगावर पाय सोडून बसलेली होती.

"त्यात बसायचं न्हाय, मग ती वडत न्यायची कशाला?"

"आई, ते धोक्याचं आहे."

"आन् ही एवढी साखळदंडं कशाला लावलीस मग?"

याला माझ्याकडं उत्तर होतं, पण ते देईपर्यंत ती उतरून मोटारीत जाऊन बसली होती. तोंड फुगवून.

एवढ्यात बिद्रीहून मामेभाऊ आला. बिद्री आईचं माहेर. मामा आता थकलेत, शेती हाच बघतो. ऊस, कारखाना, दोन म्हशी. माझ्यापेक्षा लहान आहे, पण आवाज दुप्पट. तो जीपमधून आला, आणि जीपमध्ये कारखान्याची सभासदाला मिळणारी साखर होती, पोत्यानं. वर गुळाचे रवे आणि घरच्या तांदळाची एक गोणी. सगळं मावशीला. माहेराकडून, बंगळूरला जाताना. कारण माहेरची लेक गाव सोडून कायमची जाते आणि भावाच्या घरातून काही जात नाही, हे होऊच शकत नाही.

त्यानं माझा हूक, साखळ्या, वायर बघितली आणि हसायला लागला. "दादा, आमी एका खिळीवर दोन-दोन ट्रॉल्या वडतोय. भरलेल्या. तू खोली वडायला एवढा थाट मांडलायस?"

मी त्याला समजावून सांगायला लागलो की ट्रॅक्टर सावकाश चालतो आणि मी हायवेवर... पण तोपर्यंत त्यानं ट्रॉलीचा मागचा दरवाजा उघडला होता. ट्रॉलीत माल मागूनच भरायचा असतो, हे त्याला आईच्या दुधातून मिळालेलं ज्ञान आहे. पोतं पलंगाखालच्या मागच्या कप्प्यात. त्यावर तांदूळ. बाजूला गूळ. ते बघून वरच्या मजल्यावरच्या काकू लोणच्याची बरणी घेऊन खाली आल्या, "तुमच्या मावशीला द्या हो, आठवण म्हणून." ती पण मागं. मग समोरच्यांनी भडंगाचा डबा आणला. तो हलका होता, तेवढाच काय तो दिलासा.

मला दिसत होतं. हे अगदी स्वच्छ सांगतो. आधार चाकावर, आणि सगळं वजन आधारापासून जितकं लांब ठेवता येईल तितकं लांब, उलट्या बाजूला. फळ्यावर हीच आकृती काढून मी पोरांना विचारतो, "आता नाक वर जाईल की खाली?" पहिल्या बाकावरचं पोरगं ओरडतं, "वर, सर!" मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, बाबा, हे काढ, मला परत वजन करू दे. पण माहेरची साखर आईच्या डोळ्यांदेखत खाली उतरवून ती काट्यावर तोलायची? मामेभाऊ पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नात सांगत सुटला असता की दादानं आत्याची साखर मापली. आणि आई खिडकीतून बघत होती. सकाळपासूनची फुगलेली, पण माहेरचं पोतं चढताना तिचा चेहरा उजळला होता. मी म्हटलं, "बसलं ना नीट? झालं तर मग." मामेभावानं नारळ फोडला. अर्धी गल्ली आम्हाला निरोप द्यायला उभी होती. काटा मी आठवणीनं मोटारीत घेतला, हे मूर्खपणाचं आणखी एक वेगळं प्रमाणपत्र.

वाघबीळपर्यंत काही झालं नाही. चढ होता, वेग कमी होता. मी आईला नाकावरच्या वजनाचं महत्त्व समजावत होतो. ती बाहेर बघत होती. मग उतार लागला, रस्ता मोकळा मिळाला आणि एक मोठा ट्रक आम्हाला ओलांडून गेला. त्याच्या वाऱ्यानं ट्रॉली जराशी ढकलली गेली. आरशात ती उजवीकडं गेली, मग डावीकडं आली, मग पुन्हा उजवीकडं, आधीपेक्षा जास्त. मोटारीचं बूड तिच्याबरोबर हलायला लागलं.

आई म्हणाली, "मागनं कोण हलवतंय काय रं?"

ब्रेकवर पाय आपटायचा नाही, हे मला माहीत होतं. वळवून सावरायला जायचं नाही, हेही माहीत होतं. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि वेग आपोआप कमी होऊ द्यायचा. मी तसंच केलं. पण ते करताना मी जोरजोरात देवाचं नाव घेत होतो, आणि विज्ञानाच्या मास्तराला न शोभणारे दोन-तीन नवसही बोललो. समोरून एस. टी. येत होती. आईनं वरची मूठ धरली आणि डोळे मिटले. ट्रॉलीचं हलणं हळूहळू कमी झालं, मग थांबलं. एस. टी. हॉर्न वाजवत गेली. पुढं एक बंद रसवंती होती, तिच्यासमोर मोकळी जागा होती. तिथं मोटार उभी केली आणि खाली उतरून मी धुळीत बसलो.

थोड्या वेळानं चाकांना दगड लावले, पुढचं छोटं चाक खाली सोडलं आणि वाटीचा खटका उघडला. उघडला तशी वाटी बॉलवरून आपली आपण वर उठली. साखळ्यांनी तिला धरलं म्हणून, नाहीतर माझी खोली मागच्या अंगावर बसली असती. पहिल्या बाकावरच्या पोराचं उत्तर बरोबर होतं.

मला रडायला येत होतं, आणि राग माझा मलाच येत होता. आई शेजारी असताना मी हे केलं. कशासाठी, तर चारचौघांत वाईट दिसायला नको म्हणून. मी खिडकीशी गेलो. "आई, परत जाऊया."

आईचा रंग उतरला होता. पण आवाज ठाम होता. "परत गेलो तर माझी अक्का मला दिसायची न्हाय. मला तिला एकदा तोंडावर इचारायचं हाय. का आली न्हाईस? मी काय वाईट केलं तुझं?" मग म्हणाली, "तुला काय नीट करायचं ते कर. पण साखर हितं टाकायची न्हाय. भावाची हाय."

मग नीट केलं. मोटारसायकलवरून दोघं जण चालले होते, ते थांबले. "काय पावणं, घरच घिऊन निघालाय व्हय?" त्यांनी पोतं उचलायला हात दिला. साखरेचं पोतं मोटारीच्या मागच्या सीटवर बसवलं आणि त्याला सीटबेल्ट लावला. तांदूळ आणि गूळ ट्रॉलीत, चाकांच्या बरोबर वर, जमिनीवर. मग मी काटा काढला, ठोकळा ठेवला, आणि भर रस्त्यावर ट्रॉलीचं नाक तोललं. ते दोघं वाकून आकडा बघत होते. एकानं विचारलं, "इकायची हाय काय?" आकडा बरोबर आला. मी वाटी बसवली, खटका लावला, पिन घातली, साखळ्या बघितल्या, दिवे बघितले. मग परत पहिल्यापासून सगळं बघितलं. आई तेवढ्यात ट्रॉलीत जाऊन आली. मला काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

उरलेल्या रस्त्यात आम्हाला सायकलवाला सोडून सगळ्यांनी ओलांडलं. ट्रॉली सरळ मागून येत होती, जणू कधी हललीच नव्हती. बांबवड्यात आई म्हणाली, "आता का हालत न्हाय?" मी म्हटलं, "साखर पुढं आली म्हणून." तिनं मागं वळून सीटबेल्ट लावलेल्या पोत्याकडं बघितलं आणि पहिल्यांदा हसली.

मलकापुरात मावशीची गल्ली अरुंद. मी ट्रॉली मागं घ्यायचा प्रयत्न केला. मागं घेताना स्टिअरिंग उलटं फिरवायचं असतं, ही गोष्ट मी यापूर्वी फक्त वाचली होती. चारी बाजूंनी माणसं "घ्या, घ्या, सोडा, तोडा" ओरडत होती आणि मी प्रत्येकाचं ऐकत होतो. शेवटी गल्लीच्या तोंडाशी, मोकळ्या जागेत, तिरकी उभी केली आणि तीच माझी इच्छा होती असा चेहरा केला.

मावसभाऊ मावशीला धरून गल्लीतून घेऊन आला. काठी टेकत ती आली. आई ट्रॉलीच्या दाराशी उभी होती. दोघी एकमेकींच्या समोर उभ्या राहिल्या. आईनं एवढं ठरवून आणलेलं भांडण तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. ते बाहेर पडायच्या आधी मावशीनं विचारलं, "हे काय आणलंयस गं?"

"आत ये. दावतो," आई म्हणाली.

कोल्हापूरकडच्या बायका असंच बोलतात, 'दावतो', 'जातो'. आईनं तिला पलंग दाखवला नाही, ओटा दाखवला नाही. सरळ आतलं अरुंद दार उघडलं. कमोड, बाजूला धरायला दांडी, हाताशी नळ. मावशी बघतच राहिली. मी पायरीशी उभा होतो, मला बाजूला व्हायला हवं होतं, पण झालो नाही.

मावशी हळू आवाजात म्हणाली, "म्हंजे तुझं पन तसंच व्हय गं?"

आईनं मान हलवली. मग म्हणाली, "तुझं बी?"

"मग काय! पोराला कसं सांगू? ऊन सोसत न्हाय म्हनून सांगत आलो."

"मी गुडघं सांगितलं."

आतून जे ऐकू आलं ते हसणं होतं की रडणं, सांगता येणार नाही. तीन-चार वर्षं दोघी एकमेकींवर रुसून बसल्या होत्या, आणि दोघींचं कारण एकच होतं. आईनं हात पुढं करून ट्रॉलीचं दार ओढून घेतलं. आतून कडी लागली.

मावसभाऊ माझ्याशेजारी उभा राहून ट्रॉलीकडं कौतुकानं बघत होता. चांगला माणूस आहे, आईची काळजी घेतो. म्हणाला, "बंगळूरला जायचं म्हणून आई कालपासून नीट जेवत नाही. पाणीसुद्धा घोट-घोट पिते. गाव सुटायचं टेन्शन आलंय तिला. डॉक्टरला दाखवू का?"

मला माहीत होतं ती पाणी का पीत नाही. हायवेवर हलत्या ट्रॉलीपुढं स्टिअरिंग सरळ धरणं मला जमलं होतं, पण हे बोलायला जीभ वळत नव्हती. दोन पन्नाशीचे बाप्ये, भर गल्लीत, आईच्या संडासाबद्दल. मी खाकरलो. हुकाची साखळी उगाच एकदा ओढून बघितली. मग त्याच्या कानाशी जाऊन, शब्द अडखळत, सगळं सांगितलं. दोघींचं. त्याचा चेहरा पडला. "मी तिला टोपी आणून दिली होती रे," तो म्हणाला. "उन्हासाठी."

मी म्हटलं, "मावशीला बंगळूरला मी नेऊन सोडतो. या ट्रॉलीसकट." म्हटलं खरं, आणि लगेच मनात बंगळूरपर्यंतचे उतार मोजायला लागलो.

त्यानं दारावर टकटक केलं. "आई, ट्रॉली आपल्याबरोबर येणार हाय. बंगळूरपर्यंत. लागंल तिथं थांबू."

मग कडी निघाली आणि मावशीनं दारातून डोकं बाहेर काढलं. डोळे पुसलेले होते. तिनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"मला तांब्याभर पाणी आन," ती म्हणाली.

तो पळतच घरात गेला. मावशीनं तिथंच पायरीवर बसून, तोंड न काढता, सगळा तांब्या संपवला. मग रिकामा तांब्या त्याच्या हातात देत म्हणाली, "अजून आन."